दोन भाषांतले पाप

मुक्या जनावराचे करावे तेवढे थोडे, असे आपण सहज म्हणून जातो. म्हणताना डोळ्यांसमोर असतो तो घास. भूतदयेच्या आपल्या कथा बहुतेक घासाच्या आणि घोटाच्याच आहेत. रामेश्वराला न्यायची गंगा नाथांनी वाटेत तहानलेल्या गाढवाच्या मुखी घातली. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले. या कथा ऐकतच आपण वाढलो. पण त्यातले गाढव पाण्यासाठीच तडफडत होते, आणि कुत्र्यालाही कोरड्या पोळीपेक्षा तुपाची पोळी गोडच लागली असणार. देणाऱ्याची दया आणि घेणाऱ्याची इच्छा तिथे एकाच दिशेने चालल्या होत्या. जनावराला जे नको आहे तेच देण्याची वेळ येते तेव्हा काय करावे, याचा दाखला मला या कथांत सापडला नाही. गेले वर्षभर मी तो शोधते आहे. आमच्या घरातल्या बोक्याला मधुमेह झाला आहे आणि रोज सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला मी त्याच्या कातडीत सुई खुपसते.

बोका आमचा, पण आम्ही आणलेला नव्हे. आमच्या गल्लीतले एक निवृत्त बँक अधिकारी मुलाकडे पुण्याला गेले. तिथे फ्लॅटमध्ये मांजर नको म्हणून तो आमच्या व्हरांड्यात राहिला. नाव गुंडू. आमच्या बेळगावकडे हे नाव चांगल्या घरंदाज माणसांचे असते. कन्नडात मात्र गुंडू म्हणजे गोल, आणि तो होताही तसाच. वय दहाच्या आसपास, खच्ची केलेला, वजन ७ किलो. मांजराच्या मधुमेहाला जे जे पोषक ते सगळे त्याच्यापाशी जमलेले. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात तो पाण्याच्या भांड्यापासून हलेना. खाणे दुप्पट, आणि वजन मात्र उतरत चाललेले. परसात ज्या वाळूत तो जात असे तिथे मुंग्यांची रांग लागली, ती पाहून सासूबाईंनी निदान केले. त्या ७८ वर्षांच्या, २५ वर्षे मधुमेही. ‘अगं, याला माझं दुखणं झालंय,’ त्या म्हणाल्या. शरीराकडे आणि मूत्राकडे मुंग्या धावणे हे प्रमेहाचे लक्षण चरकसंहितेत सांगितले आहे. सासूबाईंनी चरक वाचलेला नाही, पण मुंग्या पाहिलेल्या होत्या. रक्तात साखर चारशेच्या वर निघाली. नुसत्या भीतीनेही मांजराची साखर चढते, म्हणून डॉक्टरांनी मागच्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी सांगणारी फ्रुक्टोसामाइनची तपासणी करून घेतली. मग शंका उरली नाही. गंमत अशी की मांजराला गोड चव कळतच नाही. ती ओळखण्यासाठी लागणारे एक जनुक मांजरकुळात निकामी झालेले आहे, हे २००५ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. उभ्या जन्मात ज्याला गोड म्हणजे काय हे ठाऊक नाही, त्याला साखरेचा रोग!

सुई टोचायला शिकणे अवघड नाही. कातडी चिमटीत धरून तंबूसारखी उचलायची आणि तळाशी टोचायचे. सुई इतकी बारीक की तो कित्येकदा खाता खाता मान वर करीत नाही. अवघड आहे ते बाकीचे. सासूबाईंचे इन्सुलिन ४० युनिटांचे, गुंडूचे १०० युनिटांचे. लाल टोपणाची सिरिंज चाळीसची, नारिंगी टोपणाची शंभरची. गुंडूचे औषध चुकून लाल सिरिंजमध्ये ओढले तर अडीचपट डोस जाईल. म्हणून फ्रिजमध्ये दोन निराळे डबे आहेत आणि त्यांवर दोन निराळ्या रंगांत नावे लिहिली आहेत. आधी खाणे, मग सुई. खाल्ले नाही तर नेहमीचा डोस न देता डॉक्टरांना फोन. साखर फार खाली गेली तर जनावर झोकांड्या खाते, त्याला झटके येतात. अशा वेळी हिरड्यांना मध चोळायचा आणि लगेच दवाखाना गाठायचा. मधाची लहान बाटली देवघराशेजारच्या कोनाड्यात कायम भरलेली असते. दूधभात आणि कोरडे दाणे बंद झाले. मांजर हा पुरता मांसाहारी प्राणी, त्याला पिष्ट पदार्थ कमी आणि मांस जास्त हवे. आमचे घर शाकाहारी. परसात वेगळी शेगडी, वेगळे पातेले, आणि त्यात कोंबडी उकडणारे आमचे हे. एका जिवावर दया करण्यासाठी दर आठवड्याला दुसरे जीव जातात. या हिशेबाला माझ्याकडे उत्तर नाही आणि ते असल्याचे सोंगही मी करीत नाही. वाघाला गवत खायला लावता येत नाही, एवढेच म्हणते.

शेजारच्या अक्का लिंगायत, जुन्या मैत्रीण. पहिल्या आठवड्यात त्या भाजी घेऊन आल्या तेव्हा मी टोचत होते. त्या दारातच थबकल्या आणि म्हणाल्या, ‘पाप, पाप!’ आपल्या भागातल्या वाचकाला इथे काही समजावून सांगायला नको. कन्नडात कोणाची कीव आली की ‘पाप’ म्हणतात. ‘बिचारा गं’ म्हणावे तसे. इतकी वर्षे हा शब्द दोन्ही अर्थांनी ऐकत आले आहे. पण हातात सुई असताना तो कानावर पडला आणि त्या क्षणी तो मराठीतूनच ऐकू आला. अक्कांना दया म्हणायची होती. मला ऐकू आला तो अपराध. नंतर वाटले, माझा सगळा प्रश्न या एका शब्दाच्या दोन अर्थांमध्ये अडकलेला आहे. त्याची कीव करायची तर त्याला टोचले पाहिजे. आणि जो नको म्हणतो आहे त्याला टोचायचे, तर ते पाप नाही हे कशावरून ठरवायचे?

अक्कांचे म्हणणे सरळ होते. जनावराला काही कळत नाही, त्याचे कर्म तो भोगतो आहे, सोडून द्या. ‘सोडून देणे’ हा आपला फार आवडता उपाय आहे आणि त्यात एक निष्पापपणाचा भास असतो: आपण काही केले नाही, म्हणजे आपल्या हातून काही घडले नाही. पण मधुमेही मांजराला सोडून दिले तर काय होते ते ठाऊक असले की हा भास टिकत नाही. शरीराला साखर वापरता येत नाही, मग ते चरबी आणि स्नायू जाळू लागते. मांजर सुकत जाते, मागचे पाय टाचांवर टेकू लागतात, पुढे रक्तात आम्ल साचते, उलट्या होतात, आणि शेवट सावकाश होतो. हे ठाऊक असताना दार उघडे ठेवणे म्हणजेही काहीतरी करणेच आहे.

मग लोक म्हणतात, अहो, पोरांना नाही का आपण लस टोचत? त्यांना तरी कुठे कळते? हा दाखला मलाही सुरुवातीला बरा वाटला. विचार करू लागल्यावर तो पुरेनासा झाला. मूल आज रडते, पण ते मोठे होणार असते. कधीतरी त्याला समजेल, ते आपले कारण मान्य करील, या भरवशावर आपण त्याच्याकडून आजची परवानगी उसनी घेतो. गुंडू कधीच मोठा होणार नाही. तो माझे कारण कधी समजून घेणार नाही. सासूबाईंनी हे माझ्यापेक्षा नेमके सांगितले. पोटावर सुई टोचून घेत त्या म्हणाल्या, ‘मला टोचताना नातीच्या लग्नाचा विचार तरी करता येतो. त्याला फक्त टोचल्याचंच कळतं.’ म्हणजे उद्याच्या सुखाच्या नावावर त्याला आज त्रास देण्याचा हिशेब त्याच्यापुरता जुळत नाही. त्याच्यापाशी उद्याची कल्पनाच नाही. त्याचे देणे त्याच दिवशी फिटले पाहिजे. सुईच्या त्या क्षणासमोर त्याच दिवशी त्याला पोटभर खाणे, कट्ट्यावर चढायची ताकद, उन्हात पसरण्याइतका आराम मिळाला, तर माझ्या हातून पाप घडत नाही असे मी मानते.

एकदा हे मान्य केले की घरी उपचार करणे ही निव्वळ सोयीची गोष्ट राहत नाही. पिंजऱ्यात घालून रिक्षातून दवाखान्यात नेले की तो वाटभर ओरडतो, तोंड उघडे टाकून श्वास घेतो, आणि तिथे मोजलेली साखर भीतीची असते. त्या आकड्यावर डोस वाढवला तर धोका त्याला. घरात, त्याच्या नेहमीच्या चटईवर, कानाच्या कडेला हलकेच टोचून काढलेला रक्ताचा थेंब खरे बोलतो. ग्लुकोमीटर माणसांचा असेल तर तो मांजराचा आकडा बहुधा थोडा कमी दाखवतो, हे लक्षात ठेवून वाचावे लागते. आम्ही सगळे आकडे वहीत मांडून डॉक्टरांना फोनवर वाचून दाखवतो. ते कन्नडात विचारतात, मी मराठीत सांगते, आकडे इंग्रजीत. आमच्याकडे यात कोणाला काही वावगे वाटत नाही.

खर्चाचा प्रश्न टाळता येत नाही, कारण तो रोज सकाळी भांडी घासायला येतो. आमच्याकडे काम करणाऱ्या बाईंच्या नवऱ्यालाही मधुमेह आहे. महिनाअखेर हात आखडला की ते इन्सुलिन एक वेळच घेतात. पहिल्यांदा माझ्या हातातली सिरिंज पाहून त्या हसल्या. त्या हसण्यात कडवटपणा नव्हता, त्यामुळेच ते जास्त लागले. आमचे हे तेव्हा ऋणाची भाषा बोलले. १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन शोधले ते कुत्र्यांचे स्वादुपिंड काढून. १९२२ च्या जानेवारीत ते माणसाला, एका चौदा वर्षांच्या मुलाला, पहिल्यांदा टोचले. पुढे कितीतरी वर्षे इन्सुलिन मिळत होते ते कत्तलखान्यातल्या गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून. मानवी इन्सुलिन जंतूंकडून बनवून घेऊन बाजारात आणायला १९८२ उजाडले. तेव्हा जनावरांनी आपल्याला दिलेले औषध आपण एका जनावराला देतो आहोत, असे त्यांचे म्हणणे. ऐकायला छान आहे. पण टोरांटोच्या कुत्र्यांचे ऋण बेळगावच्या बोक्याला फेडून फिटत नाही, आणि भांडी घासणाऱ्या बाईंना या इतिहासाशी काय देणेघेणे?

मला बोचला तो वेगळाच आकडा. गुंडूला दिवसाला चार युनिटे लागतात. ३ मिलिलिटरच्या एका कार्ट्रिजमध्ये ३०० युनिटे असतात आणि वेष्टनावर लिहिलेले असते की उघडल्यावर २८ दिवसांनी टाकून द्यावे. म्हणजे ११२ वापरायची आणि १८८ फेकायची. बोक्यासाठी एकदा उघडलेले औषध माणसाला देता येत नाही. त्यांच्या नवऱ्याचे इन्सुलिनही वेगळे. गुंडूची सुई बंद केली म्हणून ती त्यांच्या घरी पोहोचणार नाही, हे तर्काने खरे आहे. पण या तर्काच्या आड लपणेही मला पटत नाही. त्यांच्यासाठी आम्ही काय करतो तो त्यांचा आणि आमचा व्यवहार आहे, तो इथे लिहिण्याचा विषय नाही. एवढे मात्र सांगते, गुंडूच्या आधी त्या प्रश्नाकडे आमच्या घराचे इतके लक्ष नव्हते.

आणखी एक सुई आहे, तिचे नाव घेतल्याशिवाय हे लिखाण पुरे होणार नाही. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर पाहिलेल्यांना १९२४ चे अधिवेशन सांगायला नको. गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते त्या एकाच अधिवेशनात, आपल्या बेळगावात. त्यानंतर चार वर्षांनी, १९२८ साली, साबरमती आश्रमात एक वासरू असाध्य दुखण्याने तळमळत होते. गांधीजींनी डॉक्टरांकरवी, स्वतः समोर उभे राहून, त्याला विषाची सुई देववली. अहिंसेच्या उपासकाने हे केले म्हणून देशभर गदारोळ झाला. वासराला मरायचे होते हे तुम्हाला कोणी सांगितले, असा आक्षेप आला. गांधीजींनी ‘यंग इंडिया’त उत्तर दिले आणि आपल्या कृतीची जबाबदारी झटकली नाही. ते बरोबर होते की चूक यावर आमच्या घरात दोन मते आहेत. सासूबाई अजून चूक म्हणतात. मला त्या प्रसंगातून दिसते ते इतकेच, की जगवण्याची सुई आणि सोडवण्याची सुई या दोन्ही दुसऱ्याच्या जागी बसून घेतलेल्या निर्णयाच्या आहेत. पहिली हातात घेणाऱ्याने दुसरीचा विचार कधी करायचा, हे आधीच ठरवलेले बरे. शेवटच्या दिवसांत आपली माया बोलू लागते आणि ती जनावराच्या वतीने बोलते आहे असा भास होतो.

म्हणून आकड्यांच्या वहीत मागच्या पानावर आम्ही तीन ओळी लिहून ठेवल्या आहेत. आपणहून खातो का. अंग चाटून साफ करतो का. खिडकीच्या कट्ट्यावर स्वतः चढतो का. तिन्हींना सलग काही दिवस ‘नाही’ असे उत्तर आले तर डॉक्टरांना बोलवायचे आणि त्यांचे म्हणणे ऐकायचे. दुसरी शक्यताही आहे: लवकर निदान झालेल्या काही मांजरांची साखर आहार आणि इन्सुलिनने इतकी ताळ्यावर येते की सुई थांबवता येते. डॉक्टरांनी आशा सोडलेली नाही. गेल्या दोन महिन्यांत सकाळचा आकडा तीनशेवरून दोनशेच्या आत आला आहे.

सासूबाईंनी परवा वही मागून घेतली आणि तीन ओळी चष्मा लावून वाचल्या. मग त्यांनी चौथी लिहायला सांगितली: माझ्या पायाशी येऊन झोपतो का. मी म्हटले, आई, ते तुमच्यासाठी झाले, त्याच्यासाठी नाही. त्या म्हणाल्या, ‘तू लिही तर खरं.’ अजून लिहिलेले नाही.