गवत वाढता येत नव्हतं म्हणून

जातककथांमधल्या सशाची गोष्ट आपण त्यागाची गोष्ट म्हणून ऐकत आलो. व्रताच्या दिवशी दारी येईल त्या याचकाला काहीतरी द्यायचंच, असं चार मित्र ठरवतात. पाणमांजराला मासे मिळतात, कोल्ह्याला घोरपड आणि दह्याचं मडकं, माकडाला आंबे. सशाजवळ नुसतं गवत. ब्राह्मणाच्या वेषात देवांचा राजा शक्र येतो, तेव्हा ससा स्वतःच आगीत उडी घेतो. आग त्याला जाळत नाही आणि चंद्रावर त्याचं चित्र कायमचं उमटतं. ती उडी इतकी दिपवणारी आहे की तिच्या आधीचा साधा विचार नजरेतून निसटतो. माणसाला गवत वाढून चालायचं नाही, हे त्या सशाने आधी ओळखलं होतं. आपल्याला गोड लागतं ते पाहुण्यापुढे ठेवून तो मोकळा झाला नाही.

आपण मात्र सशाच्या बाबतीत नेमकं तेच करतो. जेमतेम सहा आठवड्यांचं पिल्लू घरी येतं आणि घरातला प्रत्येकजण त्याच्यापुढे आपापला लाड ठेवतो: पोळीचा तुकडा, बिस्किट, केळ्याची चकती, आणि चित्रांतल्या सशांनी डोक्यात पक्कं बसवलेलं गाजर. मुक्या जिवाला खाऊ घालणं हे पुण्य, याबद्दल कुणाला शंका नसते. मला ती आहे. भूतदया ही देणाऱ्याच्या हृदयात उगम पावत असेल, पण ती खरी की खोटी हे खाणाऱ्याच्या आतड्यात ठरतं, असं मला वाटतं. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानासाठी देश, काळ आणि पात्र पाहायला सांगितलं आहे. पात्र म्हणजे लायक माणूस, एवढाच अर्थ आपण धरतो. भांडं हा अर्थही धरून पाहावा. त्यात काय टिकेल, काय नासेल, हा प्रश्न मग आपोआप येतो.

हे भांडं विलक्षण आहे. मादी पिल्लांना दिवसातून बहुधा एकदाच, तेही ३ ते ५ मिनिटं पाजते. त्या दुधातली मेदाम्लं पिल्लाच्या पोटात घातक जंतू माजू देत नाहीत. मोठ्या सशाच्या जठरातलं आम्ल फार तीव्र असतं, पिल्लाचं सौम्य. म्हणजे दूध तुटतं तेव्हा एक कवच गेलेलं असतं आणि दुसरं पुरतं तयार झालेलं नसतं. शिवाय सशाचं खरं पचन मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असलेल्या एका मोठ्या पिशवीत होतं. तिथले जंतू गवताचा चोथा आंबवतात. तिथे पीठ-साखर जास्त पोचली की भलते जंतू फोफावतात, विष तयार होतं, पिल्लाला हगवण लागते आणि एक-दोन दिवसांत ते जाऊही शकतं. सशाला उलटी करता येत नाही. चुकून गिळलेलं परत फिरत नाही. म्हणून वाळलेलं गवत भरपूर, सहा महिन्यांपर्यंत सोबत थोडा लसूणघास, पालेभाजी साधारण तीन महिन्यांनंतर आणि एका वेळी एकच. मराठीत यासाठी ‘मानवणं’ असा नेमका शब्द आहे. त्यात ‘मानव’ दिसतो खरा, पण सशाला काय मानवतं हे ठरवताना मानवाने जरा बाजूला उभं राहावं.

सोवळ्या-ओवळ्याच्या कल्पनेची तर इथे पार पंचाईत होते. ससा दोन तऱ्हेची विष्ठा टाकतो. एक कोरड्या, गोल लेंड्या. दुसरी मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घोसासारखी, जी तो वाकून थेट तोंडात घेतो. तिच्यात जंतूंनी बनवलेली प्रथिनं आणि ब जीवनसत्त्वं असतात. आपल्याला किळस येते, कुणी त्याला हाकलतो, कुणी ‘वाईट सवय’ मोडायला निघतो. त्याच्या दृष्टीने हे दुसऱ्यांदा वाढलेलं पान आहे. शुद्ध-अशुद्ध हा पदार्थाचा गुण असता, तर ते खाऊन ससा खंगला असता आणि बिस्किट खाऊन धष्टपुष्ट झाला असता.

यावर कुणी म्हणेल, लहान मुलाने प्रेमाने बिस्किट दिलं, भाव शुद्ध होता, पाप कसलं? मुलाला दोष द्यायचाच नाही. पण जाणत्या माणसाला ही सूट मिळू नये. जैनांच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, घातला आहे. द्वेष नसूनही हिंसा घडते ती याच वाटेने. पिल्लू मलूल दिसलं म्हणून घरातली उरलेली अमॉक्सिसिलिन पाजणारा माणूस दुष्ट नसतो. ते औषध तोंडावाटे गेलं की सशाच्या पोटातले उपयोगी जंतूच मारतं आणि ससा त्यात दगावू शकतो. ‘पण तो स्वतःच तुटून पडतो बिस्किटावर,’ हा दुसरा आक्षेप. पडणारच, रानात गोड क्वचित मिळतं, म्हणून त्याची ओढ मुरलेली आहे. कठोपनिषदातलं श्रेय आणि प्रेय निवडण्याचं ओझं नचिकेत्यावर होतं, सशावर नाही. (आपलंही मिठाईच्या डब्यापुढे फारसं वेगळं होत नाही, ते सोडा.)

तिसरा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो: जीव पिंजऱ्यात कोंडायचा आणि वर गवताची दया सांगायची, हे ढोंग नव्हे काय? याला माझ्याजवळ पूर्ण उत्तर नाही. एवढं मात्र दिसतं की रानातला ससा शंभर पाल्यांतून आपला पाला निवडतो आणि पिंजऱ्यातला आपण टाकू तेच खातो. निवड आपण काढून घेतली, तेव्हा तिच्यासोबतची जबाबदारीही आपल्याकडे आली. ती रोज सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी पडलेली असते: लेंड्या कालच्याएवढ्याच टपोऱ्या आहेत का, बारीक झाल्या, केसांनी माळेसारख्या गुंफल्या गेल्या, की मुळीच पडलेल्या नाहीत? आणि पिल्लाने अर्धा दिवस गवताला तोंड लावलं नसेल, तर उजाडायची वाट न पाहता जनावरांच्या डॉक्टरांना उठवायचं.