शब्द पाठ झाला, पण कळला का?

इराणमध्ये वरच्या पायरीचे इंग्रजी शिकू पाहणाऱ्याच्या हाती बहुधा एक आकडा पडतो : ५०४. '५०४ अ‍ॅब्सोल्यूटली इसेन्शियल वर्ड्स' हे अमेरिकन पुस्तक तिथे इतके रुळले आहे की नुसता आकडा सांगितला तरी पुरते. ४२ पाठ, प्रत्येक पाठात १२ शब्द. प्रत्येक शब्दाखाली तो वापरून दाखवणारी वाक्येही आहेत. पण परीक्षा तोंडावर असते, टोफेल-आयेल्ट्सच्या गुणांवर परदेशातला प्रवेश टांगलेला असतो. घाईत वाक्ये गळतात, शब्द तेवढे उरतात. कार्डाच्या एका बाजूला इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूला फारसी. ही कार्डे 'लाइटनर'च्या डब्यात जातात. सेबास्टियन लाइटनर या पत्रकाराने १९७२ च्या आपल्या जर्मन पुस्तकात सांगितलेली ही रीत आहे : आलेला शब्द पुढच्या कप्प्यात, चुकलेला परत पहिल्यात. शेवटच्या कप्प्यातून बाहेर पडला की शब्द आपला झाला.

खरेच झाला का? हा प्रश्न स्मरणशक्तीचा वाटतो, पण मला तो नीतीचा वाटतो.

त्या पुस्तकातला पहिलाच शब्द घेऊ : 'अबँडन'. त्याचे फारसी अर्थ 'तर्क कर्दन' आणि 'रहा कर्दन'. मराठीतला तर्क हा नव्हे. उर्दू जाणणाऱ्याला ठाऊक असलेला, म्हणजे सोडून देणे. सिगारेट सोडणे हा फारसीत 'तर्क', व्यसनमुक्ती हा 'तर्क', आणि सूफीने जगाचा मोह सोडणे हाही 'तर्क'. तिन्ही ठिकाणी सोडणाऱ्याचे कौतुक आहे. 'रहा' म्हणजे आपला 'रिहा'. पिंजऱ्यातला पक्षी सोडला तरी 'रहा', तान्हे मूल रस्त्यावर टाकले तरी 'रहा'. इंग्रजीतला 'अबँडन' मात्र माणसाबद्दल आला की बहुधा आरोप घेऊन येतो : जो तुमच्यावर अवलंबून होता त्याला तुम्ही वाऱ्यावर सोडले.

आता समजा, एखाद्या मुलीने अर्जात लिहिले, 'शिक्षणासाठी मी आईवडिलांना अबँडन केले.' तिला म्हणायचे आहे की मन घट्ट करून मी घर सोडले. वाचणाऱ्याला कळते की हिने आईबापांना टाकले. व्याकरण बिनचूक, स्पेलिंग बिनचूक, आणि स्वतःविरुद्धच खोटी गवाही! 'लेफ्ट' हा अगदी साधा शब्द तिथे खरा ठरला असता.

अवघड शब्द पुष्कळदा नुसते नाव देत नाहीत, निवाडाही देतात. हात राखून खर्च करणाऱ्याला इंग्रजीत 'फ्रूगल' म्हटले की त्याची इज्जत वाढते, 'स्टिंजी' म्हटले की जाते. 'कॉम्प्रमाइज' म्हणजे बहुधा दोन्ही बाजूंनी थोडे मागे सरकून काढलेला मार्ग. फारसीत त्याला 'साज़ेश' म्हणता येते, पण राजकारणात कोणाला 'साज़ेशकार' म्हटले तर ती शिवी आहे. तोच शब्द उर्दूत आला आणि 'साज़िश' म्हणजे थेट कारस्थान झाला. शब्द एक, पण तीन भाषांत आरोपी वेगळा. शब्दाचा अर्थ पाठ करून त्याचा निवाडा न शिकणारा माणूस, मनात नसताना दुसऱ्याला दोषी ठरवून बसतो.

मातृभाषेत असे सहसा होत नाही. तिथे निवाडा आधी येतो, व्याख्या नंतर. 'कंजूष' या शब्दाची व्याख्या कोणती आई सांगते? तो शब्द उच्चारतानाचा तिचा सूर मुलाला सगळे सांगतो. परकी भाषा मोठेपणी शिकणाऱ्याला व्याख्या मिळते, सूर मिळत नाही.

कोणी म्हणेल, तीन महिन्यांत परीक्षा असलेल्या मुलाला हा उपदेश परवडणारा नाही. बरोबर आहे. कार्डाला माझा विरोध नाही. पायरीशिवाय चढता येत नाही. दोष पायरीला घर समजण्यात आहे. आणि घर म्हणावे असे काही त्या मुलाकडे आधीच असते, हे त्याला कोणी सांगत नाही. फारसी बोलणारे मूल आजोबांबद्दल 'मोर्द' म्हणत नाही, 'फ़ौत कर्द' म्हणते. मोठ्या आलिमांबद्दल 'रेहलत'. आपणही मेला, वारले, पैगंबरवासी झाले यांत गल्लत करत नाही. कोणत्या शब्दाने कोणाचा मान राहतो हे तोलणारा कान त्याच्याजवळ आहे. तो फारसीने घडवला आहे. इंग्रजीच्या नावाखाली फारसी मागे टाकली, तर तो कानही मागे राहतो.

उर्दू माध्यमात शिकवताना हे रोज दिसते. आमच्या मुलांच्या वहीतही इंग्रजी शब्द, बरोबरचे चिन्ह आणि उर्दू शब्द असतो. ते चिन्ह गणितात खरे आहे, भाषेत अर्धेच. म्हणून शब्द विचारताना 'मानी क्या?' एवढ्यावर थांबू नये. हा शब्द तुझ्या अब्बांबद्दल कोणी वापरला तर तुला आवडेल का, हेही विचारावे. ज्याला याचे उत्तर देता आले, त्याला तो शब्द आला.