जोडीतला बैल

मृगाचा पहिला पाऊस विजा घेऊनच आला. गंगाखेड तालुक्यातलं गंगाकाठचं गाव; गोदावरीला तिकडं सगळे गंगाच म्हणतात. एक शेतकरी औत सोडून चिंचेखाली आडोशाला थांबला होता. वीज उंच झाडावर उतरते, बुंध्यावाटे जमिनीत पसरते आणि आडोशाला आलेल्यालाच गाठते. तो गेला, शेजारी बांधलेला राजाही गेला. राजाच्या जोडीचा हरण्या लांब धुऱ्यावर चरत होता, म्हणून वाचला. माळेगावच्या जत्रेतून आणलेली लाल कंधारी जोडी होती ती.

घरात आबा, आजी, माय आणि नऊ वर्षांचा मुलगा राहिले. सरकारी मदतीचे ४ लाख रुपये आले. पाहुणे आले नि गेले. जाताना प्रत्येक जण पोराच्या खांद्यावर हात ठेवायचा, "आता तूच घरचा कर्ता. रडायचं न्हाई." माणसं मायेचीच होती, पण बोलणं चुकीचं होतं. लेकराला बापासाठी रडायची बंदी करायची, हा कुठला धीर? पोरगा खरोखरच रडला नाही. हळूहळू बोलायचाही थांबला. शाळेत हजेरीला नुसता हात वर करायचा.

तिकडं हरण्या वैरणीला तोंड लावेना. परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉक्टर तालुक्याहून आले. ताप बघितला, पोट तपासलं आणि म्हणाले, "दुखणं काही नाही. जोडी तुटलीय. याला एकटं ठेवू नका."

"एका बैलावर औत चालतंय का? विकून टाकू," चुलते म्हणाले.

"पोळ्यापर्यंत थांबा," आबा एवढंच बोलले.

वैरण टाकायचं काम पोराकडं आलं. हरण्या गव्हाणीशी उभा राहायचा तो डावीकडं, भिंतीला अंग लावून. खुंटा मधोमध होता, दावं लांब होतं. मनात आणलं असतं तर सगळी गव्हाण त्याचीच. पण उजवीकडं कडबा टाकला तरी तो पाऊलभर सरकत नसे. राजाची जागा मोकळीच ठेवायचा. पोरगा रोज हे बघत राहिला. रात्री तोही गोधडीच्या कडेलाच झोपायचा, बापाची, त्याच्या दादांची, जागा सोडून. घरात हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

एका सांजेला तो त्या मोकळ्या जागेत जाऊन उभा राहिला. पेंढी सोडून चार ताटं पुढं धरली. हरण्यानं हुंगलं, फुरफुरला आणि एक ताट ओढून घेतलं. खरबरीत जीभ पोराच्या मनगटावरून फिरली.

मग शाळा सुटली की दप्तर गोठ्यातच. गोचिड काढ, शिंगाच्या मुळाशी खाजव. चुलते कुरकुरले, तर आजी म्हणाली, "असू द्या. जनाबाईसाठी देव काय करायचा? संगं बसून दळू लागायचा. दुसरं काय लागतं माणसाला?"

एके दिवशी ढाळजेत बसलेल्या आबांना गोठ्यातून हलका आवाज आला. पोरगा हरण्याच्या कानाशी बोलत होता, "भाकर मी उशिरा नेली. माझीच वाट बघायलते दादा."

आबांच्या काळजात लक्क झालं. एवढे दिवस लेकरू हे ओझं घेऊन फिरत होतं तर! ते गोठ्यात गेले, शेणातच टेकले. "न्हाई रे बाळा. पावसानं गाठलं म्हणून तो झाडाखाली गेला. तू येळेवर गेला असतास, तर मला दोघांना खांदा द्यावा लागला असता."

पोरानं हरण्याच्या गळ्याला मिठी मारली आणि हंबरडा फोडला. हरण्या हलला नाही. आवाज ऐकून माय धावत आली. आबांनी आधी तिला हातानंच थांबवलं, मग म्हणाले, "न्हाई, तू बी ये."

श्रावणी अमावास्येच्या आदल्या सांजेला खांदमळणी. लोण्या-हळदीची वाटी दरवर्षी दादांच्या हातात असायची. आबांनी ती पोराकडं दिली. त्यानं खांदा चोळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

विकायचा विषय पुन्हा निघाला नाही. शेजाऱ्याकडंही एकच बैल उरला होता. दोघांनी सावड केली. परभणी मोती ज्वारी पेरायची ठरली. शेजारी आपला बैल घेऊन आदल्या दिवशीच बोलायला आला. तो आबांशी बोलत असताना पोरगा मध्ये पडला.

"काका, हरण्याला डावीकडंच जुंपा. उजवी बाजू तुमच्या बैलाला द्या. आज रातीला दोघांना एका गव्हाणीवर बांधू. पेरताना मी म्होरं चालतो."

"आणि शाळा?" आबांनी विचारलं.

"उद्या रविवार हाय," असं म्हणत त्यानं शेजाऱ्याच्या हातातला कासरा घेतलासुद्धा.