दीड जीबीची विद्या

वेड लागण्याला इंग्रजीत आमच्या गावाचं नाव आहे, हे मी पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. पूर्वी देवळाली कॅम्पात गोरे सोल्जर मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत पडून असायचे. वाट बघून बघून काहींचं डोकं फिरायचं. त्यावरून इंग्रजांनी 'डूलाली' हा शब्दच करून टाकला. २०२० साली शाळा मोबाइलवर भरू लागल्या, आणि पडद्यावरचं गोल चक्र थांबायची वाट बघताना त्या सोल्जरांचं दुःख मला प्रथमच कळलं.

चिरंजीव तेव्हा सहावीत. बँका काही बंद नव्हत्या. म्हणून मी कामावर आणि हिचा फोन शाळेत, अशी वाटणी झाली होती. एके सकाळी मी डबा घेऊन निघणार, तोच भांडी घासायला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, "दादा, पोरीला जरा शेजारी बसवू का? तीबी सहावीतच आहे. तिच्या बापाचा फोन बटणांचा."

मी तत्काळ म्हणालो, "मावशी, दिवसाला दीडच जीबी मिळतो हो. पुरत नाही."

चिरंजीवांनी मान वर केली. "बाबा, दोघांनी पाहिलं तर नेट जास्त जातं?"

मी बी.कॉम. आहे. जादा गिऱ्हाइकाचा जादा खर्च शून्य कधी असतो, हे पेपरात लिहून मी मार्क मिळवले आहेत! आता तुम्ही म्हणाल, साथीचे दिवस, अंतर राखायला नको? कारण अगदी रास्त. पण मला ते सुचलंच नाही. मला आधी डेटा सुचला. नाही म्हणताना माणसाला पहिलं कारण कोणतं सुचतं, त्यावरून त्याची खरी शिल्लक कळते.

शेवटी हिने निकाल दिला. पोरगी तोंडाला रुमाल बांधून ओसरीवर, बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसू लागली.

विद्या दिल्याने वाढते, हे आम्ही शाळेच्या फळ्यावर रोज वाचायचो. पण पुस्तक एकाला दिलं की दुसऱ्याला मिळत नसे. ती अडचण या यंत्राने काढली. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले. धडा दहा जणांनी ऐकला काय नि दहा हजारांनी ऐकला काय, कोड झिजत नाही. त्याच गुरुजींना डिसेंबर २०२० मध्ये दहा लाख डॉलरचं जागतिक शिक्षक पारितोषिक जाहीर झालं, आणि त्यांनी अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली. डॉलर म्हणजे काही कोड नव्हे. वाटला की कमी होतो. बातमी वाचून आमच्या कॅशियरने हातातल्या नोटा पुन्हा मोजायला घेतल्या. वाटून संपणारी गोष्टसुद्धा ते वाटत होते, आणि मी न संपणारी राखत बसलो होतो. यंत्राने देणं फुकट केलं खरं, पण दानत डाउनलोड होत नाही.

ओसरीवरून पोरीला पडदा नीट दिसत नसे, म्हणून ती ऐकलेलं सगळं वहीत उतरवायची. चिरंजीव पडद्याचे फोटो काढून ठेवायचे. गेमला जागा हवी म्हणून ते पुसून टाकल्याचं चाचणीच्या आदल्या दिवशी उघडकीला आलं. संध्याकाळी मी मान खाली घालून मावशींच्या दारात उभा राहिलो. लेकीने वही आणून माझ्या हातात दिली.

'पुरत नाही' असं ती म्हणाली नाही.