आठवे कारण

सहा-सात महिन्यांच्या बाळाला तेल चोळायचे, कढत पाण्याने न्हाऊ घालायचे आणि धुरी देऊन दुपट्यात गुंडाळून ठेवायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. बहुतेक बाळे त्यानंतर गाढ झोपतात. एखादे मात्र न्हाणीतच डोळे फिरवते, अंगाची एकच बाजू झटके देऊ लागते आणि अर्धा तास झाला तरी थांबत नाही. बाळ दवाखान्यातून परत येईपर्यंत घरात चौकशी समिती बसलेली असते. दृष्ट कुणाची लागली? परवा लस टोचून कुणी आणली? पोटुशी असताना ग्रहण पाळले होते का? प्रश्न कुणीही विचारो, बोट आईकडेच वळते.

अशा काही बाळांना ‘ड्रावे सिंड्रोम’ असतो. मार्सेयच्या डॉक्टर शार्लट ड्रावे यांनी १९७८ मध्ये अपस्माराचा हा प्रकार वेगळा म्हणून नोंदवला. साधारण पंधरा-वीस हजार जन्मांमागे एक मूल. आधी तापात किंवा गरम पाण्याने फिट येते, पुढे तापाशिवायही येऊ लागते. दुसऱ्या वर्षापासून बोलणे-चालणे मागे पडते. झोपेत अचानक मृत्यू येण्याची भीती कायमच असते. २००१ मध्ये बेल्जियमच्या संशोधकांना कारण सापडले: ‘एससीएन१ए’ नावाच्या जनुकातला बदल. मेंदूत इतर पेशींना आवर घालणाऱ्या पेशी असतात. या बदलामुळे नेमक्या त्याच दुबळ्या पडतात.

आणि बहुतेक मुलांत हा बदल नवाकोरा असतो. ना आईत, ना बापात. सात पिढ्यांची वंशावळ उलगडली तरी हाती काही लागत नाही.

चौकशी समितीची खरी अडचण इथे होते. पाप सांगितले की त्यावर उतारा असतो. नवस, शांत, अंगारा, काहीतरी करता येते. योगायोगावर उतारा नाही. दोषापेक्षा निर्दोषपणा पचवणे जड जाते, म्हणून तर पूर्वजन्मीच्या कर्माचे उत्तर इतके टिकून आहे. ते सांत्वन देते, असे त्याचे समर्थक म्हणतात. देतही असेल, पण बहुधा सांगणाऱ्याला. ऐकणाऱ्या आईला ते भोगावे लागते.

गंमत म्हणजे कर्मसिद्धांत मानणाऱ्या परंपरेतच याला हरकत घेतलेली आहे. पाली संयुत्तनिकायात सीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो, माणसाला जे जे सुखदुःख होते ते सारे पूर्वकर्माने होते, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात; आपले मत काय? बुद्ध कारणांची यादीच देतात: पित्त, कफ, वात, तिन्हींचा संनिपात, ऋतुबदल, वागण्यातली हेळसांड, बाहेरून झालेला आघात. कर्म येते ते आठवे. सगळे कर्मावर ढकलणारे लोक स्वतःला ठाऊक असलेल्या आणि जगाने मान्य केलेल्या गोष्टींच्याही पलीकडे धावतात, असा त्यांचा आक्षेप. बायबलमधला ईयोब आठवावा. तुझ्याच पापाचे हे फळ, असे त्याला समजावणाऱ्या मित्रांवरच शेवटी देव रागावतो. ईयोबाला मात्र दुःखाचे कारण सांगितले जात नाही. ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या नावावरच्या ग्रंथाने अपस्मार हा इतर रोगांहून अधिक ‘पवित्र’ नाही, असे बजावले होते. त्याने दिलेले कफाचे कारण चुकीचे निघाले. देवाला बाजूला ठेवून कारण शोधायचे धाडस मात्र खरे होते.

लसीवरचा आळही असाच तपासावा लागला. ऑस्ट्रेलियातल्या सॅम्युअल बर्कोविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये, लसीने मेंदू बिघडला असे मानल्या गेलेल्या १४ रुग्णांची जनुके पाहिली. ११ जणांत हाच बदल निघाला. लसीमुळे आलेला ताप पहिल्या फिटेला निमित्त होऊ शकतो. आजार मात्र जन्माआधीच जनुकात आलेला असतो.

आईला दोष देणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ऐकावी. हा नवा बदल बहुधा बापाकडून आलेल्या जनुकाच्या प्रतीत आढळतो. शुक्राणू आयुष्यभर तयार होत राहतात, नकला होत राहतात, एखादी चुकते. मग आता बापाला धरायचे? मुळीच नाही. असे काही डझन नवे बदल आपण प्रत्येक जण जन्मतःच घेऊन येतो. आपले निरुपद्रवी ठरले, एवढेच. क्वचित आई किंवा वडिलांच्या काहीच पेशींत हा बदल लपलेला असतो. पुढच्या गरोदरपणाआधी दोघांची तपासणी होते ती यासाठी, दोषी ठरवण्यासाठी नव्हे.

नाव कळण्याने औषधही बदलते. कार्बामाझेपिन आणि फेनिटोइन ही फिटांवरची जुनी, सहज मिळणारी औषधे. ती मेंदूतल्या पेशींत सोडियम शिरण्याची वाट अडवतात. ड्रावेच्या मुलात जनुकातल्या बदलामुळे ती वाट आधीच अर्धवट बंद असते, त्यामुळे रोज नियमाने ही औषधे देत राहिले तर फिट उलट वाढू शकतात. व्हॅल्प्रोएट, क्लोबाझाम यांसारखी औषधे निवडावी लागतात. म्हणून वर्षाच्या आतल्या बाळाला तापात लांबलेली, एका बाजूची फिट पुन्हा पुन्हा येत असेल, तर बालमेंदूतज्ज्ञाला जनुकचाचणीबद्दल विचारावे आणि आधी चालू असलेल्या औषधांची चिठ्ठी बरोबर न्यावी.