कुठवर ठीक आहे?

एखादी वस्तू बंद पडली की तोंडातून पहिला प्रश्न निघतो, ‘कुठं बिघडलं?’ प्रश्न साधा वाटतो, पण त्याला धरायला टोक नसतं. बिघाड कुठंही असू शकतो. मग माणूस चार ठिकाणी हात घालतो, पाचव्या ठिकाणी चिडतो आणि शेवटी कुणाला तरी बोल लावून मोकळा होतो. त्याऐवजी आधी एवढंच विचारावं, ‘कुठवर ठीक आहे?’

आपल्या मराठवाड्याला हा प्रश्न नवा नाही. जायकवाडीचा डावा कालवा असो की येलदरी-सिद्धेश्वरच्या पूर्णा प्रकल्पाचा, टेलला ज्याचं शेत आहे तो पाणी आलं नाही म्हणून बांधावर बसून राहत नाही. चारीच्या काठाकाठानं वर चालू लागतो. इथं कोरडं, पुढच्या वळणाला ओल, त्याच्या वर वाहतं पाणी. जिथवर पाणी दिसलं तिथवर सगळं ठीक, आणि त्याच्या लगेच खाली फुटलेली चारी किंवा कुणी घातलेला बांध सापडतो. धरणात पाणी किती, मुंबईत निर्णय काय झाला, हे तो त्या वेळी विचारत नाही.

हीच चाल टेबलावरच्या कॉम्प्युटरपाशी मात्र विसरली जाते. पूर्णा तालुक्यातल्या ताडकळससारख्या गावात नेट बंद पडणं आता करमणुकीपुरतं राहिलेलं नाही. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, पीकविमा, सगळं त्या एका यंत्रातून जातं. सेवा केंद्र असो की घरात पोरांच्या अभ्यासासाठी घेतलेला डेस्कटॉप, नेट थांबलं की समोर बसलेल्याचा दिवस थांबतो. आणि उत्तर एकच मिळतं, “मामा, नेट नाही, उद्या या.”

पण या ‘नेट नाही’च्या पोटात निदान पाच-सहा निरनिराळी दुखणी असतात. ती वेगळी करता येतात, आणि वायरवर चालणाऱ्या कॉम्प्युटरवर तर फार सोप्या रीतीनं. वायफायची लहर हवेत हरवली तर ती कुठं हरवली हे सांगणं अवघड. वायरला दोन टोकं असतात आणि दोन्ही टोकांना बोट लावता येतं. म्हणूनच ज्याचं काम रोजच्या रोज भागलं पाहिजे त्यानं वायर सोडू नये, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात कॉम्प्युटरच्या पाठीमागच्या खाचेपासून करावी. लॅनची वायर जिथं जाते तिथं बहुधा एक-दोन बारीक दिवे असतात. वायरच्या दोन्ही टोकांची यंत्रं एकमेकांना सतत बारीक ठोके देत असतात. ते पोचले तरच दिवा लागतो. दिवा लागला म्हणजे इथवर ठीक. लागला नाही तर पुढची कसलीही सेटिंग उघडू नये, कारण बोलणं अजून सुरूच झालेलं नाही. बऱ्याच वेळा दोष त्या पारदर्शक जॅकच्या इवल्याशा प्लॅस्टिकच्या जिभेत असतो. ती मोडली की जॅक खाचेत बसल्यासारखा दिसतो, पण टेबल पुसताना, खुर्ची सरकवताना केसभर मागं येतो. तेवढं अंतर पुरतं. कधी भिंतीच्या कडेनं नेलेली वायर उंदरानं कुरतडलेली असते, कधी दाराच्या फटीत रोज चेंगरून आतली तार तुटलेली असते आणि वरचं आवरण मात्र धड दिसतं.

त्या वायरच्या आत आठ तारा असतात, दोन-दोन पिळून केलेल्या चार जोड्या. नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी, आणि प्रत्येकीची पांढऱ्या पट्ट्याची जोडीदार. तारा पिळून ठेवल्या की शेजारच्या विजेचा खरखराट दोन्हींवर सारखाच बसतो आणि पलीकडं तो वजा होतो. ही युक्ती टेलिफोनच्या काळातली. अलेक्झांडर ग्रॅहम बेलनं १८८१ मध्ये तिचं पेटंट घेतलं. १०० मेगाबिटच्या जोडणीला यांतल्या दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. म्हणून निळी किंवा तपकिरी जोडी तुटली तर नेट बंद पडेलच असं नाही. बऱ्याचदा दोन्ही यंत्रं आपसांत ठरवून खालच्या वेगावर उतरतात आणि काम चालू ठेवतात. पडद्यावर तक्रार नाही, दिवाही चालू. चालतंय म्हणून कुणी बघत नाही, आणि महिनोन्‌महिने घरातली माणसं कंपनीला नावं ठेवत राहतात. पुरता बंद पडलेला भाग लवकर दुरुस्त होतो, अर्धवट चालणारा तसाच राहून जातो. हे घरात, संस्थेत, शरीरातही पाहायला मिळतं.

दिवा लागला, वायर धड आहे, तरी पान उघडत नाही. आता पुढची पायरी. जोडलेल्या प्रत्येक कॉम्प्युटरला पत्ता लागतो आणि घरात तो राऊटर देतो. कॉम्प्युटर चालू होताच हाक मारतो, ‘मला पत्ता देणारं इथं कुणी आहे का?’ राऊटरनं ऐकलं तर बहुधा १९२.१६८ नं सुरू होणारा एखादा पत्ता मिळतो. काही वेळा हाकेला उत्तरच येत नाही. राऊटर अडकलेला असतो, वायर चुकून दुसऱ्याच खाचेत असते. तेव्हा कॉम्प्युटर थोडा वेळ वाट पाहतो आणि स्वतःच स्वतःला एक पत्ता देऊन टाकतो. तो १६९.२५४ नं सुरू होतो. त्या आकड्यांपाशी मी नेहमी थांबतो. यंत्र खोटं बोलत नाही. त्याच्यापुरता त्याला पत्ता मिळालेला आहे, नेटवर्कचं चिन्हही दिसतं आहे. पण तो पत्ता बाहेरच्या कुणी दिलेला नाही, आणि त्यानं उंबरठा ओलांडता येत नाही. उत्तर आलं नाही म्हणून आपणच आपल्याला उत्तर देऊन टाकायचं आणि मग सगळं जुळलं आहे अशा समजुतीत बसायचं, हे माणसाच्या हातूनही किती वेळा होतं! यंत्राचं एक बरं, हे आकडे पाहिले की त्याचं एकटेपण लगेच ओळखता येतं.

पत्ता बरोबर असेल तर मग ‘पिंग’. कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत ही चार अक्षरं इंग्रजीत टंकायची, पुढं ज्याला हाक मारायची त्याचा पत्ता. माइक म्यूस या अमेरिकी प्रोग्रामरनं डिसेंबर १९८३ मध्ये हा इवलासा प्रोग्राम लिहिला, तोही समोरच्या नेटवर्कमधला एक गोंधळ सुटत नव्हता म्हणून. पाणबुडी शोधताना आवाजाचा ठोका पाठवतात आणि परत येणारा प्रतिध्वनी ऐकतात, त्या आवाजावरून त्यानं नाव ठेवलं. पिंग दुसरं काही करत नाही. ‘आहेस का?’ एवढंच विचारतो आणि उत्तर यायला किती वेळ लागला ते सांगतो.

हा प्रश्न जवळून लांब असा विचारत जायचा, याच क्रमानं. पहिली हाक स्वतःलाच, १२७.०.०.१ ला. हा पत्ता प्रत्येक कॉम्प्युटरवर त्याचा स्वतःचाच असतो. इथं उत्तर आलं तर आतली व्यवस्था ठीक. दुसरी हाक राऊटरला, पुष्कळ घरांत १९२.१६८.१.१. वायरवरून हे उत्तर मिलिसेकंदाच्या आत यायला हवं. तिसरी हाक गावाबाहेर, उदाहरणार्थ गुगलच्या ८.८.८.८ ला. आणि चौथी हाक एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला. आकड्यांना उत्तर येतं आणि नावाचा पत्ताच सापडत नाही, असं झालं तर तार, राऊटर, फायबर, सगळं निर्दोष आहे. नावाचा पत्ता शोधून देणारी व्यवस्था तेवढी गप्प आहे. ती सेटिंगमध्ये बदलता येते. राऊटरपर्यंत उत्तर येतं आणि पुढं येत नाही, तर घरातली वायर हलवत बसण्यात अर्थ नाही. फायबरच्या डब्यावर एलओएसचा लाल दिवा लागला आहे का ते पाहायचं. तो लागला म्हणजे बाहेरून प्रकाशच येत नाही. रस्त्याच्या खोदकामात केबल गेली असेल, नाहीतर खांबावरून निसटली असेल.

या चार हाकांना फार वेळ लागत नाही. पण त्यांना एक पथ्य आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. नेट गेलं की आपण राऊटर बंद-चालू करतो, त्याच हातानं वायर काढून घालतो, तेवढ्यात कुणी कॉम्प्युटरही रीस्टार्ट करतो. पाच मिनिटांनी नेट येतं आणि सगळे खूश. पण कशानं आलं? ते कळायची वाट आपणच पुसून टाकली. चार दिवसांनी तेच होणार आणि पुन्हा सगळं उपटावं लागणार. राऊटर रीस्टार्ट करायला माझा विरोध नाही, त्यानं खरोखर काम होतं. मात्र आधी दिवे पाहून घ्यावेत, पत्ता पाहून घ्यावा, आणि मगच बटणाला हात लावावा. वायरवर शंका असेल तर ती सेटिंगमध्ये शोधू नये. खात्रीची दुसरी वायर लावून बघावी. शंका असलेल्या जागी खात्रीची वस्तू ठेवून पाहणं, यासारखी लवकर निकाल देणारी परीक्षा नाही. म्हणून कपाटात एक चांगली, चाचणी केलेली वायर वेगळी ठेवलेली असावी, आणि ती रोजच्या वापराला काढू नये.

मराठवाड्यात नेट बंद पडण्याचं आणखी एक कारण धरून चालावं लागतं. मे-जूनमध्ये पहिल्या पावसाआधी वीज कडाडते. जवळ कुठं वीज पडली की विजेच्या किंवा जुन्या टेलिफोनच्या तारेतून आलेला झटका राऊटरमधून लॅनच्या वायरीत उतरतो आणि कॉम्प्युटरची ती एकच खाच मारून जातो. बाकी कॉम्प्युटर ठणठणीत चालतो. अशा वेळी सगळं यंत्र टाकून द्यायची गरज नसते. यूएसबीला लागणारा लॅन अडॅप्टर काही शे रुपयांत मिळतो. फायबरमधून प्रकाश जातो, काच वीज वाहत नाही, त्यामुळं त्या वाटेनं सहसा झटका येत नाही. पण राऊटरचा अडॅप्टर शेवटी भिंतीतल्या सॉकेटलाच लावलेला असतो. आभाळ भरून आलं की तो काढावा आणि लॅनची वायरही काढावी.

हे सगळं तंत्र शिकलेल्या माणसाचं काम, असं म्हणून बाजूला ठेवू नये. दिवा बघायला, चार आकडे वाचायला पदवी लागत नाही. आणि त्यातून जे हाती येतं त्याची किंमत समोरच्या बाकावर बसलेला माणूस जाणतो. खरिपाच्या पीकविम्याची मुदत बहुधा जुलैअखेर असते. त्या दिवसांत आजूबाजूच्या खेड्यांतून माणसं सकाळी एसटीनं, जीपनं येतात, पिशवीत सातबारा, आधार कार्ड, बँकेचं पासबुक. त्यांतल्या कितीकांनी त्या दिवसाची मजुरी बुडवलेली असते. त्यांना नुसतं ‘नेट नाही’ सांगणं म्हणजे काहीच न सांगणं. थांबावं की परत जावं, दुसऱ्या केंद्रावर जावं की उद्या यावं, यातलं काहीही त्यावरून ठरत नाही. केंद्रावरच्या पोरानं चार हाका मारून पाहिल्या असतील तर तो सांगू शकतो, “मामा, आपली लाइन चालू आहे, साइटवर गर्दी आहे, दुसरीकडं जाऊनही हेच होईल. कागदं ठेवून जा, मी रात्री भरतो.” नाहीतर, “मामा, गावाबाहेर केबल तुटली, आज काही खरं नाही. गाडी आहे तोवर परभणी गाठा.” किंवा, “अर्धा तास बसा, वायरच गेलीय, बदलतो.” तीनही वेळा नेट बंदच आहे, पण त्या माणसाचा दिवस तीन वेगळ्या वाटांनी जातो, आणि कुठली वाट धरायची ते त्याला कळलेलं असतं.

कंपनीला फोन करतानाही हेच. ‘नेट चालत नाही’ म्हटलं की पलीकडून ठरलेलं उत्तर येतं, राऊटर बंद करून चालू करा. ‘राऊटरला पिंग जातो, पुढं जात नाही, एलओएसचा दिवा सकाळी साडेनऊपासून लाल आहे’ असं सांगितलं तर तक्रार घेणाऱ्याला पुढं विचारायला फारसं काही उरत नाही, आणि लाइनमन कॉम्प्युटरपाशी न येता थेट खांबाकडं जातो.