चावीचे घड्याळ आणि निगेची नीती

वेळ पाहण्यासाठी आज मनगटी घड्याळाची गरज उरलेली नाही. खिशातला मोबाइल सेकंदासह वेळ सांगतो, आणि ती लावावीही लागत नाही. असे असताना नोकरीला लागलेला एखादा तरुण पहिल्या पगारातून जपानी यांत्रिक घड्याळ का घेतो? ओरिएंटचे बाम्बिनो किंवा सेईकोचे प्रेसाज पाहा. फुगीर काच, बारीक काटे, चामड्याचा पट्टा. चेहरा थेट १९५०-६०च्या काळातला. आत बॅटरी नाही. दिवसाला दहा-वीस सेकंद पुढे-मागे होणार, मनगटावरून उतरवले तर सुमारे ४० तासांत थांबणार. जास्त पैसे मोजून कमी अचूक वस्तू घेणे हा शौक की फिजूलखर्ची? आपल्या घरांत वडीलधारी माणसे हा प्रश्न विचारतात. तो रास्तच आहे.

हा चेहरा आपल्याला अनोळखी नाही. एचएमटीने १९६१ मध्ये बेंगळुरूला घड्याळे बनवायला सुरुवात केली ती जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने. म्हणजे ज्या ‘जनता’ घड्याळाला रोज सकाळी चावी देत कितीतरी मास्तर, कारकून आणि कामगार घराबाहेर पडले, त्याची विद्या निम्मी जपानीच होती. पुढे आखातात गेलेल्या माणसांबरोबर सेईको फाइव्ह आले. त्यातल्या काहींच्या तबकडीवर वार अरबीतही उमटत असे.

सोलापुरात या वस्तूला आणखी एक अर्थ होता. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्यांच्या काळात कामगारांचा दिवस भोंग्यावर चाले. भोंगा मालकाचा होता. मनगटावरचे घड्याळ आपले होते. पाळी किती वाजता सुरू झाली आणि किती वाजता सुटली, हे कामगाराला स्वतःच्या घड्याळात पाहता येऊ लागले, ही लहान गोष्ट नव्हती. आता त्या गिरण्याही नाहीत आणि भोंगेही नाहीत. एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला.

यांत्रिक घड्याळाला मागे सारले तेही जपाननेच. २५ डिसेंबर १९६९ रोजी सेईकोने टोकियोत पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला आणले. साधे क्वार्ट्झ घड्याळ महिन्याला फार तर पंधरा-वीस सेकंद चुकते. अचूकतेची लढाई तिथेच संपली. तरीही त्याच देशाने जुनी विद्या टाकून दिली नाही. माणसाला घड्याळाकडून अचूकतेखेरीज आणखी काही हवे असते, असाच याचा अर्थ.

मुळात आपल्या जगण्याला लागणारी अचूकता फार मोठी नाही. असरची वेळ पूर्वी सावलीवरून ठरे. हनफी मतानुसार वस्तूच्या दुप्पट सावली, शाफई मतानुसार एकपट, दोन्हीत मध्यान्हीची सावली सोडून. सोलापूरचा हनफी आणि कोकणातला शाफई यांच्यात त्यामुळे तासाभराचा फरक पडू शकतो. मग वीस सेकंदांचे काय घेऊन बसायचे?

आक्षेप दुसऱ्या बाजूनेही येतो. आजच्या कारखान्यात बनलेल्या वस्तूने जुना चेहरा घालणे ही फसवणूक नाही का? सोलापूरकरांना हा प्रश्न कळायला वेळ लागू नये. यंत्रमागावरचे कापड हातमागाचे म्हणून विकले, तर वीण कितीही सुबक असो, ते खोटे. यंत्रमागाचे म्हणून विकले तर त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. खोटेपणा रूपात नसतो, दाव्यात असतो. यांत्रिक घड्याळाचा चेहरा जुना आहे आणि आतली रीतही जुनीच आहे: कमान, दातेरी चाके, मागेपुढे झुलणारे चक्र. ते तासाला २१,६०० ठोके देते आणि तरी चुकते. ही चूक ते लपवत नाही.

त्याचे आकर्षण मला इथे दिसते. हे घड्याळ माणसाकडून काही मागते. चावी मागते किंवा हाताची हालचाल मागते, काही वर्षांनी तेलपाणी मागते. क्वार्ट्झ आपण वापरतो, याला सांभाळावे लागते. ज्याची निगा राखावी लागते त्याच्याशीच माणसाचे नाते जडते.

मात्र निगा मालक एकटा राखू शकत नाही. त्यासाठी डोळ्याला भिंग लावून बसणारा घड्याळजी लागतो. जपानी कारागिराच्या हाताचे गोडवे गाणारा माणूस घड्याळ साफ करून घेताना त्याच घड्याळजीशी पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो. तोच हातमागावरच्या विणकराला ‘मिलचे स्वस्त मिळते’ म्हणून सुनावतो. लांबच्या हाताचे कौतुक आणि जवळच्या हाताची मजुरी कापणे, ही दोन्ही एकाच मनात सुखाने नांदतात. घड्याळजीची मुले या धंद्यात येईनाशी झाली, तर त्याचे एक कारण आपणही आहोत.

म्हणून इस्राफचा निवाडा किमतीवर करता येणार नाही. लग्नात मुलीच्या बापाकडून मागून घेतलेले घड्याळ स्वस्तातले असले तरी उधळपट्टीच आहे, कारण त्याचा भार दुसऱ्याच्या मानेवर आहे. चार लोकांत मनगट पुढे करण्यासाठी घेतलेल्याचीही तीच गत. पण स्वतःच्या कमाईतून घेतलेले, दुरुस्त करत वीस-पंचवीस वर्षे वापरलेले आणि लेकीच्या किंवा लेकाच्या हाती चालू स्थितीत दिलेले घड्याळ चैनीत मोडत नाही. वेळ ही अमानत आहे असे आपण म्हणतो. ती मोजणाऱ्या वस्तूबाबत आणि ती वस्तू चालू ठेवणाऱ्या माणसाबाबतही आपण तसेच वागतो का, हे प्रत्येकाने आपापले तपासावे.